वीस गुणांचे औदार्य नको, बीजगणित हवे

दहावीच्या गणितात 35 ऐवजी 20 गुण पडले तरी मुलाला अकरावीला जाऊ द्यावे, अशी तरतूद 2024 मध्ये आलेल्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात आहे. त्याची किंमत म्हणून गुणपत्रिकेवर शेरा येणार: या विद्यार्थ्याला पुढे गणित आणि विज्ञान घेता येणार नाही. ज्याला शेरा नको असेल त्याने परीक्षा पुन्हा द्यावी. बातमी आली तेव्हा कित्येक पालकांना हायसे वाटले. दुसऱ्या बाजूने ओरड झाली की आधीच राज्य मंडळ हलके, आता तर दर्जाचा निकालच लागला; सगळी पुस्तके एकदम जेईईच्या तोडीची करा.

मी नाशिकच्या इंदिरानगरात अकरावीच्या आणि डिप्लोमाच्या मुलांना गणित शिकवतो. या दोन्ही बाजूंना मूळ दुखणे दिसलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दहावीचे बीजगणित सोपे की अवघड, हा वाद दुय्यम आहे. त्या बीजगणितावर पुढच्या वर्गाला भिस्त ठेवता येते का, हे आधी विचारायला हवे. आज ती ठेवता येत नाही. गुण कमी करून ती येणार नाही आणि पुस्तक जाड करूनही येणार नाही.

आधी सवलतीच्या बाजूचे म्हणणे नीट मांडतो, कारण ते वाईट हेतूने केलेले नाही. गणितात नापास झालेले पोर शाळाच सोडते. ज्याला चित्रकला शिकायची आहे किंवा इतिहास वाचायचा आहे, त्याला वर्गसमीकरणापायी का अडवायचे? जून 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांविषयीच्या याचिकेवर सुनावणी करताना, गणित ऐच्छिक ठेवता येईल का अशी विचारणा केली होती. या मुलांना सातवीच्या अंकगणिताची सवलत मंडळाने आधीपासून दिली आहे. ती रास्त आहे आणि तिला कुणी हात लावू नये.

पण सवलत सरसकट सगळ्यांना लागू झाली की तिचे रूप पालटते. हिशेब करून पाहा. गणिताचे 100 गुण म्हणजे बीजगणित 40, भूमिती 40 आणि अंतर्गत मूल्यमापन 20. अंतर्गत गुण शाळेच्या हातात असतात आणि ते सढळ हाताने दिले जातात, हे प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. समजा तिथे 16 मिळाले. लेखी परीक्षेसाठी वेगळ्या किमान गुणांची अट नसेल, तर 80 पैकी 4 गुणांत काम झाले. दोन्ही प्रश्नपत्रिकांत मिळून आठ बहुपर्यायी प्रश्न असतात. डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरीने त्यातले दोन बरोबर येतात. म्हणजे उरले दोन गुण. एवढ्यावर मिळालेला दाखला मुलाला काय सांगतो? त्याला काय येते ते सांगत नाही. त्याच्यासाठी कोणता दरवाजा बंद झाला तेवढेच सांगतो.

आणि हा दरवाजा पंधराव्या वर्षी बंद होतो. कुणाचा? ज्याच्या घरी क्लासची फी भरायची ऐपत आहे, त्याचा नाही. तो शिकवणी लावून 35 च्या पार जाईल. शेरा बसेल तो अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्याच्या मुलीला. काही वर्षांपूर्वी आपल्याच मंडळात ‘सामान्य गणित’ नावाचा सोपा पर्याय होता. तो घेतलेल्यांना अकरावी विज्ञानाची वाट बंद असे. नवा अभ्यासक्रम आला तेव्हा तो पर्याय मोडीत निघाला. मोडीत काढलेली तीच वस्तू आता गुणपत्रिकेवरच्या शेऱ्याच्या रूपाने परत आणायची, याला सुधारणा कसे म्हणायचे?

“सगळ्यांना थोडेच इंजिनिअर व्हायचे आहे?” हा दुसरा आक्षेप. तो ऐकला की मला अंबडचा लेथ आठवतो. टेपर काढताना टर्नरला मोठा व्यास, छोटा व्यास आणि लांबी यांवरून कोन काढावा लागतो. व्यासांतला फरक भागिले लांबीची दुप्पट, ही त्या कोनाची टॅन्जंट. कोन आणि दोन्ही व्यास दिले असतील, तर त्याच सूत्रातून लांबी सोडवून घ्यावी लागते. सूत्र उलटवता येणे हे शुद्ध बीजगणित आहे आणि आयटीआयच्या ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’मध्ये पावलोपावली तेच लागते.

ज्याला लेथही नको त्याने घरकर्जाकडे पाहावे. इंदिरानगरात फ्लॅट घेणाऱ्या कोणत्या कुटुंबाला हप्ता चुकला आहे? 20 लाखांचे कर्ज, 9 टक्के व्याज, 20 वर्षे मुदत: महिन्याचा हप्ता साधारण 18,000 रुपये आणि एकूण फेड 43 लाखांच्या वर. हेच कर्ज 15 वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे 2,300 रुपयांनी वाढतो, पण एकूण फेड साडेछत्तीस लाखांवर येते. साडेसहा लाखांहून जास्त रक्कम घरात राहते. हा हिशेब ज्या भूमिती श्रेढीवर उभा आहे ती आपल्या दहावीत नाहीच. दहावीत अंकगणिती श्रेढी आहे. अर्थनियोजनाच्या प्रकरणात जीएसटी आहे, शेअर आहेत, म्युच्युअल फंड आहेत. आठवीत चक्रवाढ व्याजही येऊन गेलेले असते. या सगळ्याला एका धाग्यात ओवणारी भूमिती श्रेढी मात्र अकरावीच्या गणितात आहे. दहावीनंतर गणित सोडणाऱ्याला ती जन्मात भेटत नाही. तेव्हा दहावीचे बीजगणित सर्वांसाठी असेल, तर ते सर्वांच्या उपयोगाचेही असले पाहिजे, हे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मला मान्य आहे. त्यावरून बीजगणितच कमी करा, हा त्यांचा निष्कर्ष मात्र उलटा आहे.

तिसरा पक्ष म्हणतो, शाळेत राहिले ते कॉलेजात भरून काढू. मार्च 2021 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांची सक्ती शिथिल केली आणि उणीव भरून काढण्यासाठी ब्रिज कोर्स सुचवला. वर्षभरातच मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल अशा शाखांसाठी गणित पुन्हा आवश्यक ठरवावे लागले. हे होणारच होते. पहिल्या वर्षाचे ‘एम-वन’ हे गणित हातात पडते तेव्हा समोर टेलरची श्रेणी आणि आंशिक विकलन असते. तिथे ब्रिज कोर्समध्ये बैजिक राशींचे अवयव शिकवायला कुणाला सवड असते? बॅकलॉग राहतो आणि मुलगा समजतो की आपली बुद्धीच कमी आहे.

आता कडक दर्जावाल्यांकडे वळतो. त्यांचा उपाय म्हणजे आठवीपासून फाउंडेशन बॅच आणि दहावीच्या पुस्तकात अकरावीचे धडे. पण आपले पुस्तक ते म्हणतात तितके हलके नाहीच. 2018 पासूनच्या दहावीच्या पुस्तकात निश्चयक आहे, क्रेमरची पद्धत आहे. केंद्रीय मंडळाच्या दहावीत ती नाही. नववीत शेष सिद्धांत आहे, संश्लेषक भागाकार आहे. धडे कमी पडलेले नाहीत. धडे एकमेकांना भेटत नाहीत, हे खरे दुखणे आहे.

एक उदाहरण जवळून दाखवतो. दहावीनंतर थेट डिप्लोमाला गेलेल्या मुलाला पहिल्याच सत्रात ‘बेसिक मॅथेमॅटिक्स’ असते. त्यात लॉगॅरिदम असते, जे त्याने शाळेच्या गणितात पाहिलेलेच नसते. त्यात आंशिक अपूर्णांक असतात. प्रश्न असा: 1 भागिले (x² − 5x + 6) याचे आंशिक अपूर्णांक करा. छेदाचे अवयव (x − 2) आणि (x − 3). मग A आणि B धरले की दोन समीकरणे मिळतात: A + B = 0 आणि −3A − 2B = 1. सोडवले की A = −1, B = 1. या गणितात नवे असे काय आहे? अवयव दहावीच्या दुसऱ्या प्रकरणातले आणि एकसामयिक समीकरणे पहिल्या प्रकरणातली. तरीही दहावीला गणितात 85 गुण मिळवलेला मुलगा माझ्यासमोर पेन खाली ठेवतो. “सर, हे आम्हाला नव्हतं.” त्याला वेगळे विचारा, “या राशीचे अवयव पाड,” तो लगेच पाडतो. “ही दोन समीकरणे सोडव,” तीही सोडवतो. काय करायचे ते प्रश्नाने सांगितले नाही की त्याचा हात थांबतो.

ही सवय त्याला आपण लावली. दहावीच्या बीजगणिताच्या प्रश्नपत्रिकेत ‘कृती’ नावाचे प्रश्न असतात. उदाहरण निम्मे सोडवून दिलेले असते, मध्येमध्ये रिकाम्या चौकटी असतात, मुलाने त्या भरायच्या. भित्र्या मुलाला धीर यावा हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण पहिल्या प्रश्नातले बहुपर्यायी 4 गुण आणि कृतींचे 7 गुण धरले, तर 40 पैकी 11 गुण पहिली पायरी स्वतः न मांडता मिळतात. बाकीचे बरेचसे प्रश्न सरावसंचातल्या साच्याचे. मग वर्षभर सराव होतो तो साचा ओळखण्याचा. पुढच्या वर्गाला नेमके जे हवे, म्हणजे शब्दांतून समीकरण मांडणे, दोन प्रकरणे जोडणे, पायरीचे कारण सांगणे, त्याला गुण फार थोडे. ज्याला गुण थोडे ते शिकवायला शिक्षकाला वेळ कुठून मिळणार?

बीजगणित मुळात कशासाठी असते, हे नाशिककरांना बाहेरून शिकायची गरज नाही. देवळालीच्या शाळेत 1930 ते 1962 शिकवणारे द. रा. कापरेकर 6174 या संख्येमुळे जगभर ओळखले जातात. चार अंकी संख्येतले अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढता क्रम वजा करा आणि हेच करत राहा; चारही अंक सारखे नसले तर शेवटी 6174 येते. दहा संख्या घेऊन हे पडताळणे झाले अंकगणित. अशी कुठलीही वजाबाकी 9 ने भाग जाणारीच का येते, हे सांगायला अक्षरे लागतात. अंक a, b, c, d धरले की फरक 999(a − d) + 90(b − c) येतो आणि त्यातून 9 बाहेर काढता येतो. एका ओळीत सगळ्या संख्यांचा निकाल लागला. नववीच्या मुलाला हे पूर्ण झेपते. असा एक प्रश्न दरवर्षी दहावीच्या परीक्षेत आला, तर वर्गात काय शिकवले जाते ते आपोआप बदलेल.

सोपे करून समता येते, या समजुतीची परीक्षा जगात झालेली आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या शाळांनी 2014 मध्ये आठवीतले बीजगणित समतेच्या नावाखाली काढून नववीत नेले. सधन पालकांनी बाहेर पैसे भरून ते मुलांना शिकवले. बाकीची मुले थांबून राहिली. 2024 मध्ये तिथल्या शिक्षण मंडळाला ते आठवीत परत आणण्याचा निर्णय घ्यावा लागला. आपल्याकडे बाहेरच्या शिकवणीची बाजारपेठ त्याहून मोठी आहे. शाळेने जे सोडले ते क्लासने उचलले, हे पाहायला वडाळा-पाथर्डी रस्त्यावरच्या पाट्या पुरेशा आहेत.

खंडन झाले; आता मंडन. राज्याचा नवा अभ्यासक्रम 2025 पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. नववी-दहावीची पुस्तके अजून घडायची आहेत. तेवढ्यात चार गोष्टी करता येतील.

पहिली: राज्य मंडळ, बालभारती, तंत्रशिक्षण मंडळ आणि विद्यापीठे यांनी एकत्र बसून दहावीनंतर बीजगणितात काय आलेच पाहिजे याची दोन पानी यादी करावी. माझ्या यादीत सूत्र उलटवणे, अवयव, समीकरण मांडणे, आलेख वाचणे, घातांक आणि लॉगॅरिदम, असमता आणि भूमिती श्रेढी येईल. जागा करायला क्रेमरची पद्धत खुशाल अकरावीत न्या. निश्चयक तिथे पुन्हा पहिल्यापासून शिकवला जातोच.

दुसरी: प्रश्नपत्रिकेतले किमान 10 गुण दोन प्रकरणे जोडणाऱ्या आणि कारण विचारणाऱ्या प्रश्नांना द्यावेत. कृती राहू द्या, पण त्या वर्गात आणि चाचणीत.

तिसरी: लेखी परीक्षेत स्वतंत्र किमान गुण हवेत. जो तिथे कमी पडेल त्याला शेरा न देता सहा महिन्यांचा मोफत वर्ग शाळेतच द्यावा आणि पुन्हा परीक्षेची संधी द्यावी. गणिताच्या दोन पातळ्या ठेवायच्या असतील तर जरूर ठेवा. खालच्या पातळीवरून वर यायचा रस्ता मात्र कायम उघडा हवा.

चौथी: दहावीची कोणती उणीव पहिल्या सत्रात मुलांना नडते, याचा अहवाल पॉलिटेक्निक आणि कनिष्ठ महाविद्यालयांनी दरवर्षी शाळांकडे पाठवावा. इंदिरानगरात शाळा, पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालय एकाच परिसरात आहेत. इथल्या गणिताच्या शिक्षकांनी वर्षातून एकदा एका टेबलाशी बसायला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही.

पालकांनो, या वर्षीच्या शाळेच्या सभेत मुलाला किती गुण पडले एवढ्यावर थांबू नका. चौकटी नसलेले आणि कोणत्या प्रकरणातले ते न सांगितलेले एक उदाहरण तो स्वतः मांडू शकतो का, हे शिक्षकांना विचारा. उत्तर नकारार्थी आले, तर 20 गुणांनीही त्याचे भले होणार नाही आणि 90 गुणांनीही नाही.