नव्या दाण्याचा भाव

१५ ऑगस्ट २०२५च्या सकाळी जिनिव्हाहून जगभरचे प्रतिनिधी हात हलवत परतले. प्लास्टिकच्या प्रदूषणाला आवर घालणारा बंधनकारक करार करायचा, असं मार्च २०२२मध्ये नैरोबीत ठरलं होतं. त्यानंतर उरुग्वे, पॅरिस, पुन्हा नैरोबी, ओटावा, बुसान आणि शेवटी जिनिव्हा इतक्या बैठका झाल्या. दर वेळी गाडं एकाच चढावर अडलं : नवं प्लास्टिक किती बनवायचं याला मर्यादा असावी की नसावी? बुसानमध्ये शंभराहून अधिक देश ‘असावी’ म्हणाले. सौदी अरेबिया, रशिया, इराण हे तेल आणि वायू विकणारे देश ‘नसावी’ म्हणाले. भारतही उत्पादनाच्या मर्यादेला विरोध करणाऱ्यांत होता, आणि भारताची ती भूमिका चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे.

पण आधी त्या बाजूचं म्हणणं पुरतं मांडलं पाहिजे, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. प्लास्टिक हा पदार्थ वाईट नाही, त्याचा कचरा वाईट, असं ते म्हणतात. रक्ताची पिशवी, सलाईनची नळी, पाण्याची टाकी, विजेच्या तारेवरचं आवरण, हे सारं प्लास्टिकचंच. ते काचेहून हलकं म्हणून वाहतुकीचं इंधन वाचतं, अन्न टिकतं म्हणून नासाडी वाचते. तेव्हा उत्पादनाला हात लावू नका, कचरा गोळा करण्याची व्यवस्था सुधारा. आणि आजवर ज्याचं काहीच करता येत नव्हतं त्या प्लास्टिकसाठी आता रासायनिक पुनर्वापराचं तंत्र आलं आहे. जुन्या प्लास्टिकचं तेल करा, तेलाचं पुन्हा नवं प्लास्टिक करा. हे चक्र एकदा फिरू लागलं की मर्यादेची गरजच काय?

यातला पहिला भाग मला मान्य आहे. जळगावच्या केळीच्या बागांतून ठिबकच्या नळ्या काढून घ्या, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण वाद नळ्यांचा आणि रक्ताच्या पिशव्यांचा कधी नव्हताच. जगात बनणाऱ्या प्लास्टिकपैकी एक तृतीयांशाच्या आसपास वेष्टनात जातं आणि त्यातलं बहुतेक ज्या वर्षी बनतं त्याच वर्षी कचऱ्यात पडतं. मर्यादेचा प्रश्न निघाला की रुग्णालय पुढे करायचं आणि त्याच्या आडून वेफर्सची पाकिटं सोडवून न्यायची, ही मांडणी मला अप्रामाणिक वाटते.

आता आकडे पाहू. १९५०मध्ये जगात साधारण २० लाख टन प्लास्टिक बनत होतं. २०१९मध्ये, आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या हिशेबाने, ते ४६ कोटी टनांवर गेलं. त्या वर्षी कचरा झाला सुमारे ३५ कोटी टन आणि त्यातला पुन्हा वापरात आला अवघा ९ टक्के. याच संघटनेचा अंदाज असा, की धोरणं बदलली नाहीत तर २०६०मध्ये प्लास्टिकचा वापर १२० कोटी टनांच्या पुढे जाईल. ‘गोळा करण्याची व्यवस्था सुधारा’ म्हणणाऱ्यांनी या दोन आकड्यांचा मेळ घालून दाखवावा. नऊचे अठरा टक्के केले, अगदी सत्तावीस केले, तरी उरलेला कचरा आजच्या दुपटीहून अधिक असेल.

म्हणून सारी भिस्त रासायनिक पुनर्वापरावर येते. हे तंत्र नेमकं काय करतं ते समजून घेतलं तर त्याच्या मर्यादाही कळतात. प्राणवायू न देता प्लास्टिक चार-पाचशे अंशांना तापवलं की त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि तेल, वायू, मेण व काजळी निघते. याला पायरोलिसिस म्हणतात. ऐकताना वाटतं, काहीही टाका आणि तेल काढा. पण पीव्हीसी गेलं तर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन यंत्र खातं. पेट, म्हणजे बाटल्यांचं प्लास्टिक, गेलं तर त्यातला ऑक्सिजन तेल बिघडवतो. म्हणजे माल आधी निवडावा लागतो, स्वच्छ करावा लागतो. आणि इतकी निवड करायचीच असेल तर त्या निवडलेल्या मालाचा बराचसा भाग भंगारवाला साध्या पद्धतीने, कमी खर्चात, आधीच दाणा (वितळवून कापलेले प्लास्टिकचे कण) करून विकतो आहे. निघालेलं तेलही थेट चालत नाही. ते शुद्ध करून, कच्च्या तेलातून निघणाऱ्या भरपूर नॅफ्थ्यात मिसळून क्रॅकरमध्ये, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल बनवणाऱ्या भट्टीत, सोडावं लागतं आणि तिथे त्यातला काही भाग पुन्हा इंधन होऊन निसटतो.

सप्टेंबर २०२४मध्ये कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी एक्सॉनमोबिल कंपनीवर दावा लावला. त्यातला आरोप असा, की कंपनीच्या ‘प्रगत पुनर्वापरात’ गेलेल्या कचऱ्याचा ९२ टक्के भाग पुन्हा प्लास्टिक होतच नाही, मुख्यतः इंधन होतो. कंपनीने आरोप नाकारले आहेत. ते बाजूला ठेवू आणि उद्योगाची स्वतःची कृती पाहू. २०२५पर्यंत दरवर्षी १० लाख टन प्लास्टिक कचऱ्याचं तेल रासायनिक कारखान्यांत वापरू असं शेल कंपनीने जाहीर केलं होतं. २०२४मध्ये तिने ते उद्दिष्ट सोडून दिलं. अमेरिकेत इंडियानामधल्या ॲशली इथे वर्षाला १ लाख टनांचा पायरोलिसिस प्रकल्प मोठ्या अपेक्षेने उभा राहिला, तो मार्च २०२५मध्ये दिवाळखोरीत गेला. ज्यांच्याकडे भांडवल आहे, रसायनतज्ज्ञ आहेत, रिफायनऱ्या आहेत त्यांची ही गत. मग याच तंत्राच्या भरवशावर उत्पादन मोकळं सोडा, असं जगाला कशाच्या आधारावर सांगितलं जातं?

रासायनिक पुनर्वापर सर्वत्र खोटा आहे असं मात्र नाही, आणि तसं म्हणणं अन्यायाचं होईल. पेटचे मूळ घटक सुटे करून त्यातून नव्यासारखं पेट बनवण्याची पद्धत चालते. ईस्टमन कंपनीचा टेनेसीतल्या किंग्जपोर्टचा कारखाना तेच करतो. जपानमधल्या साकाई इथे सापडलेल्या, पेट खाणाऱ्या जिवाणूची माहिती २०१६मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे २०२०मध्ये फ्रेंच संशोधकांनी घडवलेल्या एका विकराने दहा तासांत ९० टक्के पेटचे मूळ घटक सुटे करून दाखवले. रंगीत ट्रे, पॉलिएस्टरचं कापड यांना याचा उपयोग होईल. पण हे सगळं पेटचं. पेटची बाटली तर रस्त्यावर पडून राहतच नाही, ती कोणीतरी उचलतं, कारण तिला भाव आहे. जिथे अडचण सर्वांत कमी होती तिथे रसायनशास्त्र चाललं. जिथे प्लास्टिक, ॲल्युमिनियम, पुन्हा प्लास्टिक असे थर चिकटवलेले आहेत तिथे ते थांबलं आहे.

जैवप्लास्टिकचाही उल्लेख नेहमी होतो. त्याचं जगातलं उत्पादन एकूण प्लास्टिकच्या एक टक्क्याच्याही आत आहे आणि मक्यापासून केलेलं पीएलए परसातल्या खतखड्ड्यात कुजत नाही, त्याला साठ अंशांच्या आसपास तापणारा औद्योगिक खतप्रकल्प लागतो. तो मार्ग आज या वादाचं उत्तर नाही.

खरं उत्तर बाजारात आहे. भंगाराच्या कुठल्याही गाळ्यात जा. माल निवडला जातो, कोणी तुकडा जाळून वासावरून जात ओळखतं. क्रशरमध्ये चुरा होतो, पाण्यात टाकला की पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पेट आणि पीव्हीसी बुडतं. मग धुणं, वाळवणं, एक्स्ट्रूडरमधून तार काढणं, तार कापून दाणा करणं. या प्रत्येक पायरीला मजुरी, वीज आणि पाणी लागतं. तेल स्वस्त झालं म्हणून यातला एकही खर्च उतरत नाही. नव्या प्लास्टिकच्या दाण्याचा भाव मात्र तेल आणि वायूच्या मागे धावतो. २०१४च्या मध्याला पिंपामागे १०० डॉलरच्या वर असलेलं कच्चं तेल २०१६च्या सुरुवातीला ३०च्या खाली गेलं, तेव्हा जगभरचे पुनर्वापराचे कारखाने अडचणीत आले. भाव पडले की पहिला फटका गोणी पाठीवर घेऊन फिरणाऱ्या बाईला बसतो.

आज तर नव्या दाण्याचा पूर आला आहे. अमेरिकेत शेल खडकांतून स्वस्त इथेन निघाला, तो प्लास्टिककडे वळवला गेला. तोच इथेन जहाजांनी गुजरातेत दहेजला उतरतो आणि तिथून नळाने आपल्या नागोठण्यापर्यंत येतो. चीनने पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीनचे कारखाने मागणीकडे न पाहता उभारले. त्या स्पर्धेत युरोपचे जुने क्रॅकर बंद पडत आहेत. एक्सॉनमोबिलने फ्रान्समधल्या ग्राव्हाँशोंचा क्रॅकर २०२४मध्ये बंद केला, सॅबिकने नेदरलँड्समधल्या गेलीनचा एक क्रॅकर बंद करण्याचं ठरवलं. आणि त्याच युरोपात पुनर्वापराचे कारखानेही बंद होत आहेत, कारण नवा दाणा जुन्याहून स्वस्त मिळतो. तंत्रज्ञान कितीही सुधारलं तरी ज्या मालाशी त्याला स्पर्धा करायची आहे तो मर्यादेशिवाय वाढत असेल, तर ते हरणार. उत्पादनाची मर्यादा ही पुनर्वापराच्या आड येत नाही, ती पुनर्वापराला बाजारात उभं राहायला जागा करून देते. माझ्या मते या वादातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे आणि वाटाघाटींत तो फार कमी बोलला जातो.

‘आमचा माणशी वापर अमेरिकेच्या कितीतरी पट कमी आहे, आमच्या विकासावर लगाम का?’ हा भारताचा प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर भारतानेच पूर्वी दिलेलं आहे. हवामानाच्या वाटाघाटींत १९९२पासून ‘जबाबदारी सर्वांची, पण वाटा वेगवेगळा’ हे तत्त्व आपण लावून धरलं. तेच इथे मागावं : ज्यांनी जास्त वापरलं त्यांनी आधी आणि जास्त कमी करावं. मर्यादाच नको म्हणताना आपण आपल्याच लाखो कचरावेचकांच्या आणि छोट्या दाणा-कारखानदारांच्या विरोधात उभे राहतो, हे सरकारच्या लक्षात यायला हवं.

देशातले नियम वाईट नाहीत. कठीण वेष्टनांत २०२५-२६पासून ३० टक्के पुनर्वापरित माल आणि २०२८-२९पर्यंत ६० टक्के, अशी सक्ती कागदावर आहे. ती पाळली गेली तर जुन्या दाण्याला तेलाच्या भावाशी न बांधलेला गिऱ्हाईक मिळेल. पण बहुथरी वेष्टनांना याच नियमांनी सुरुवातीला अवघे ५ टक्के ठेवले. ज्याचा पुनर्वापर होत नाही त्याला सर्वांत सैल नियम, हे उलटं आहे. असं वेष्टन हळूहळू बंदच व्हायला हवं. आणि तपासणीचं काय? उत्पादकांच्या जबाबदारीच्या योजनेत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळालाच गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या पुनर्वापरदारांकडची, पुनर्वापर झाल्याचं सांगणारी सहा लाखांहून अधिक बनावट प्रमाणपत्रं सापडली. न धुतलेल्या, न वितळवलेल्या मालाची ती प्रमाणपत्रं. प्रामाणिकपणे दाणा करणाऱ्याच्या पोटावर यामुळे पाय आला. वीजबिल, आवक-जावक आणि यंत्राची क्षमता जुळवून पाहिली तर असली लबाडी महिन्याभरात उघडी पडते.

जर्मनीत २००३पासून पेयाच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर अनामत आहे, आज ती २५ सेंट आहे आणि शंभरातल्या पंचाण्णवहून अधिक बाटल्या परत येतात. महाराष्ट्रानेही २०१८च्या बंदीबरोबर दुधाच्या पिशवीला ५० पैसे देऊन ती परत घेण्याची योजना जाहीर केली होती. ती दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोचली नाही. ती पुन्हा हाती घ्यावी आणि बाटल्यांपासून सुरुवात करावी. गोळा करणारी माणसं आपल्याकडे आहेत. पुण्यात १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून २००८मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलू लागली. त्यांना भंगाराच्या भावावर सोडून न देता गोळा करण्याच्या कामाचा ठरलेला मोबदला मिळाला, आणि तो वेष्टन बनवणाऱ्या कंपन्यांकडून वसूल झाला, तर भाव पडलेल्या महिन्यातही माल उचलला जाईल.

बहुथरी पाकीट कंपनीने सोडावं हे अशक्य नाही, हे दुधाची पिशवी रोज सकाळी सिद्ध करते. ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, धुतली की स्वच्छ होते आणि भंगारवाला तिला वजनावर घेतो. कचरा वेगळा करण्याच्या शेडमध्ये ती बाईच्या हातातून थेट गोणीत जाते. तिच्याच शेजारचं चकचकीत पाकीट मात्र हात न लागता जमिनीवर तसंच पडून राहतं.