देऊळ आणि राई

दूरदेशीचे एखादे प्रसिद्ध देवस्थान पाहून आलेला मनुष्य बहुधा तेथील शिखराची उंची, खांबांची संख्या आणि बांधणीस लागलेला खर्च ह्यांचेच वर्णन करू लागतो. देवस्थान पाहण्याची ही रीत अपुरी आहे, असे आमचे मत आहे; आणि हे मत आम्हांस ग्रंथातून नव्हे, तर जपानातील एका डोंगराळ खेड्यात पायी हिंडताना लाभले.

जपानच्या की द्वीपकल्पात, वाकायामा प्रांतात, कुमानो होंगू ताइशा हे शिंतो धर्माचे पुरातन देवस्थान आहे. पूर्वी क्योतो राजधानीतील निवृत्त सम्राटांपासून खेड्यातील कुणब्यांपर्यंत इतके लोक ह्या डोंगरवाटेने जात की, त्या रांगेस ‘मुंग्यांची कुमानो-यात्रा’ असे नाव पडले. ज्यांनी आषाढात पंढरीची वाट पाहिली आहे, त्यांस ह्या उपमेचा अर्थ उलगडून सांगणे नको. सन २००४ पासून ह्या वाटा जागतिक वारशात गणल्या जातात. आम्ही होश्शिनमोन नावाच्या ठिकाणापासून शेवटचे सुमारे ७ किलोमीटर चालत गेलो. वाटेत चहाचे मळे आणि उंच सुगी वृक्षांची दाट छाया लागते. एका टेकडीचे नावच ‘लोटांगण घालून वंदन करण्याचे स्थान’ अशा अर्थाचे आहे. कारण तेथून यात्रेकरूस देवस्थानाचे पहिले दर्शन घडे.

देवस्थानी पोहोचताच प्रथम पाण्याने हात धुवावयाचे, चूळ भरावयाची, मग देवापुढे दोन वेळा वाकून, दोन टाळ्या वाजवून पुन्हा एकदा वाकावयाचे, असा तेथील शिष्टाचार आहे. मंदिरे लाकडी असून छपरे हिनोकी वृक्षाच्या सालीची आहेत. परंतु देवस्थानाची मूळ जागा ही नव्हे. समोरच्या १५८ पायऱ्या उतरून थोडे चालले, म्हणजे नदीकाठच्या ओयुनोहारा नामक सपाट भूमीवर आपण येतो. तेथे सन २००० मध्ये उभारलेली, ३३.९ मीटर उंचीची तोरणासारखी पोलादी कमान आहे. कमानीखालून आत जावे, तो आत मंदिर नाही! गवत, वृक्ष आणि दोन लहान दगडी देवळ्या, एवढेच काय ते आहे.

ह्या रिकाम्या जागेचा इतिहास असा. सन १८८९ च्या ऑगस्टमध्ये ह्या खोऱ्यात भयंकर पर्जन्यवृष्टी होऊन डोंगर खचले आणि नदीला महापूर आला. शतकानुशतके तेथे उभी असलेली बहुतेक मंदिरे वाहून गेली. जी वाचली, ती १८९१ साली उंचावर हलविण्यात आली. वरच्या अंगास तोत्सुकावा येथे १६८ माणसे मृत्युमुखी पडली, आणि सुमारे २,५०० लोकांनी गाव सोडून दूर उत्तरेस होक्काइदो बेटावर नवे तोत्सुकावा वसविले. पाऊस असामान्य होता, हे खरेच. तथापि वरच्या डोंगरांवरील अरण्य बेसुमार तोडले गेल्यामुळे अनर्थ वाढला, असे पुष्कळांचे म्हणणे आहे.

एवढी ठेच लागल्यावर माणसे शहाणी व्हावयास हवी होती. पण घडले उलटेच! सन १९०६ पासून जपान सरकारने लहान देवस्थाने मोडून ती मोठ्यांत विलीन करण्याचा क्रम आरंभिला, आणि थोड्याच वर्षांत सुमारे ७०,००० देवस्थाने नाहीशी झाली. त्यांच्याभोवतीच्या राया तोडून विकण्यात आल्या. सरकारचे म्हणणे वरकरणी रास्त होते : गल्लोगल्ली मोडकी देवळे असण्यापेक्षा मोजकी, पण नीटनेटकी असावीत.

ह्या म्हणण्यास निकराने विरोध करणारा पुरुष ह्याच प्रांतातला होता. मिनाकाता कुमागुसू (१८६७–१९४१) हे त्याचे नाव. त्याच्या नावातील ‘कुसू’ म्हणजे कापराचे झाड. एका देवस्थानातील पूज्य वृक्षावरून मुलांस असे नाव ठेवण्याची तिकडे चाल होती. लंडनमध्ये कित्येक वर्षे विद्याभ्यास करून परतलेल्या ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने लेख व पत्रे लिहून दाखवून दिले की, राई गेली म्हणजे पक्षी जातात, किडी माजतात, झरे आटतात आणि गावकऱ्यांस एकत्र आणणारी जागाही जाते. १९१० साली एका सभेत घुसून दांडगाई केल्याबद्दल त्यास १८ दिवस कोठडीत राहावे लागले. हे कृत्य आमच्या विद्यार्थिमित्रांनी अनुकरणीय मानू नये; त्याची चिकाटी मात्र अवश्य मानावी. नोनाका येथील प्राचीन सुगी वृक्षांपैकी नऊ त्याच्या खटपटीने वाचले, आणि यात्रेकरू आजही त्यांच्या सावलीत विसावतात. अखेर १९२० साली जपानच्या वरिष्ठ सभागृहाने हे विलीनीकरण निरुपयोगी ठरविले. परंतु तोडलेली राई ठरावाने परत उगवत नाही.

आता ही परदेशची कथा आम्ही येथे का सांगावी? कारण आमच्या सह्याद्रीतही देवराया आहेत. कोकणात त्यांस देवरहाटी म्हणतात. तेथील झाड तोडू नये, हा नियम आमच्या पूर्वजांनी न लिहिता पाळला. आज मात्र देवळाच्या जीर्णोद्धारासाठीच राईवर कुऱ्हाड चालते, आणि वृक्षांच्या जागी सिमेंटचा सभामंडप व फरशी येते. गावकरी म्हणतात, ‘देवाचे लाकूड देवाच्याच कामी आले.’ गळके छप्पर दुरुस्त करू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु मंडप वर्षभरात पुन्हा उभारता येतो. शंभर वर्षांचा वृक्ष कोणत्या वर्गणीतून उभा करणार? होंगूचे मंदिर वाहून गेले, तरी लोकांनी ते पुन्हा मांडले. डोंगरावरचे अरण्य असे वाहून नेऊन मांडता येत नाही. म्हणून राई ही देवळाची शोभा नव्हे, तर देवळाचा पायाच होय, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुट्टीत आजोळी जाल, तेव्हा एवढे करा. आजोबांबरोबर गावच्या राईत जा, तेथील पाच झाडांची नावे त्यांच्याकडून शिकून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. आणि सुज्ञ पालकहो, जीर्णोद्धाराची वर्गणी देताना आपण एकच प्रश्न विचारावा : ह्या कामात झाडे किती जाणार? ज्याचे नाव आपणांस ठाऊक असते, ते तोडताना हात थबकतो. आणि पुष्कळदा तेवढे थबकणेही पुरे असते.