संगणकाशी गट्टी : नाव तेच, नंबर वेगळा!



गेल्या रविवारी सकाळीच दारावरची बेल वाजली. पाहतो तर शेजारची आठवीतली मैत्रीण, डोळे पाण्याने भरलेले.

"काका, आमचा कॉम्प्युटर मला ओळखतच नाही! आजीच्या ओव्या आता गेल्याच का हो?"

गोष्ट अशी झाली होती. त्यांचा संगणक फार हळू चालायचा. म्हणून बाबांनी जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी बसवून घेतली. दुरुस्तीवाल्या दादांनी नव्या डिस्कवर विंडोज नव्याने घातलं आणि जुनी डिस्क पिशवीत घालून परत दिली. घरी आल्यावर आमच्या मैत्रिणीने आपल्या जुन्याच नावाने खातं उघडलं. पासवर्डही तोच ठेवला. मग जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून जोडली, आपल्या नावाच्या फोल्डरवर टिचकी मारली, आणि उत्तर आलं : तुम्हाला हा फोल्डर उघडायची परवानगी नाही!

त्याच फोल्डरमध्ये तिने शाळेच्या प्रकल्पासाठी रेकॉर्ड केलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. मागच्या पावसाळ्यात आजी गेली. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

त्यांच्या घरी गेलो, तर बाबा म्हणत होते, "डिस्क बिघडलेली दिसते. फॉरमॅट करून टाकू, निदान वापरता तरी येईल."

मी म्हटलं, "थांबा! फॉरमॅट केलंत तर ओव्या खरंच जातील. डिस्क बिघडलेली नाही. ती फक्त शिस्तीची आहे!"

"पण काका, नाव माझंच आहे ना? पासवर्डही तोच आहे!"

मुलांनो, इथेच तर खरी गंमत आहे. तुमच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं ना? दाखला घेतला की त्यावर तो रजिस्टर क्रमांक लिहिलेला असतो. समजा, तुम्ही शाळा बदललीत. नाव तेच, आडनाव तेच, दप्तरसुद्धा तेच. पण नव्या शाळेत नंबर मिळतो नवा. जुन्या शाळेच्या कपाटावर जुना नंबर लिहिलेला असेल, तर नव्या नंबराने ते कसं उघडेल?

विंडोजचं अगदी तसंच आहे. ते तुम्हाला नावाने ओळखत नाही, नंबराने ओळखतं. नाव फक्त आपल्या सोयीसाठी. या नंबराला एसआयडी म्हणतात. घरच्या संगणकावर तो बहुधा 'एस-१-५-२१' असा सुरू होतो. पुढे तीन लांबलचक संख्या असतात. विंडोज नव्याने घालताना त्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या जातात. शेवटी खात्याचा स्वतःचा छोटा क्रमांक येतो. मुख्य ॲडमिनिस्ट्रेटरचा ५००, पाहुण्याचा ५०१, आणि आपल्यासारख्यांचे १००० पासून पुढे. प्रत्येक फाइलबरोबर तिच्या मालकाचा नंबर लिहून ठेवलेला असतो. म्हणून एखादं खातं पुसून पुन्हा त्याच नावाने उघडलं, तरी विंडोजच्या लेखी तो नवाच माणूस!

आईबाबांना कदाचित विंडोज ९५ आठवत असेल. तिथे पासवर्डाच्या चौकटीवर 'कॅन्सल' दाबलं तरी आत जाता यायचं. ही नंबरांची शिस्त १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीपासूनची आहे.

मग कुलूप उघडलं कसं? बाबांच्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार होते, त्यातून आम्ही आत शिरलो. बऱ्याचदा 'कंटिन्यू' दाबलं की काम होतं. आमचं झालं नाही. म्हणून फोल्डरवर उजवी टिचकी मारली. मग प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड अशा पायऱ्या उतरलो. तिथे 'ओनर' म्हणजे मालक. त्याच्या शेजारचं 'चेंज' दाबून नव्या खात्याचं नाव घातलं आणि आतल्या सगळ्या फाइलींचाही मालक बदलायच्या चौकटीत खूण केली. संगणकाने परवानग्या बदलू का, असं विचारलं. आम्ही हो म्हटलं. मात्र हे आपल्या फोल्डरपुरतंच करायचं हं, अख्ख्या डिस्कवर नाही. आणि मोठं माणूस शेजारी असतानाच!

पाच मिनिटांत फोल्डर उघडला.

आमची मैत्रीण हुशार. लगेच म्हणाली, "म्हणजे माझी डिस्क कुणाच्या हाती लागली तर तोही असंच करेल?"

शाबास! हो, करू शकेल. परवानगी म्हणजे दाराची कडी, तिजोरी नव्हे. तिजोरी म्हणजे बिटलॉकरसारखं एन्क्रिप्शन. त्यात सगळा मजकूर सांकेतिक भाषेत लिहिला जातो. मग मालक बदलून काही उपयोग नाही. ४८ अंकांची रिकव्हरी की लागते. ती नसेल तर तुमची तिजोरी तुम्हालाही बंद! अलीकडच्या कित्येक लॅपटॉपमध्ये ही सोय आपोआप चालू झालेली असते, म्हणून आधीच पाहून ठेवा.

हार्ड डिस्क बदलण्याआधी एवढं करा :

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या जागी ठेवा आणि ती उघडते का ते पाहा.

२. बिटलॉकर चालू असेल तर ते ४८ अंक कागदावर उतरवून आईबाबांकडे द्या.

३. दुरुस्तीवाल्यांना विचारा, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करता येईल का? तशी केली तर खाती आपल्या नंबरांसकट नव्या डिस्कवर येतात.

४. जुनी डिस्क परत मागून घ्या. निदान महिनाभर पुसू नका.

करून पाहा : कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत 'हू ॲम आय' हे तीन शब्द जोडून लिहा. एक जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून 'युजर' लिहून एंटर दाबा. 'मी कोण?' या प्रश्नाला संगणक तुमच्या नंबराने उत्तर देईल!

आणि ओव्या? सगळ्या मिळाल्या. पहिली लावली तेव्हा मागे जात्याची घरघर आणि मधेच आजीचा खोकला ऐकू आला. बाबा काही बोलले नाहीत. उठून पेन ड्राइव्ह शोधायला गेले. आता त्या ओव्यांच्या तीन प्रती आहेत, त्यांतली एक मामाच्या घरी.

तुमच्या घरी अशी एकच प्रत असलेली फाइल कोणती? आजच शोधा बरं!

तुमचा,
संगणककाका