लो-कार्बवरचा हिरवा ठिपका



मधुमेह हा आता बंगल्यातला आजार राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. खुद्द बाबासाहेबांचं शरीर याच आजाराने शेवटच्या वर्षांत पोखरलं होतं. आज आपल्या कोणत्याही वस्तीत जा. शुगरच्या गोळ्यांचं पाकीट ज्या घरात नाही, अशी घरं मोजावी लागतील.

डॉक्टर सांगतात, "भात बंद करा, पोळी कमी करा." सल्ला बरोबर आहे. पण "मग खायचं काय?" हा पुढचा प्रश्न विचारायला ओपीडीच्या रांगेत वेळ नसतो. त्याचं उत्तर यूट्यूबवरचे आहारगुरू देतात आणि सुपरमार्केटचं 'हेल्थ' लिहिलेलं कपाट देतं. बदामाचं पीठ, चिया सीड्स, कीटो आटा, ऑलिव्ह ऑइल, पनीर, ब्रोकोली. धुणीभांडी करणारी बाई किंवा नाक्यावरचा मजूर हे दर बघतो आणि ठरवून टाकतो की लो-कार्ब हे श्रीमंतांचे चोचले आहेत, आपल्याला आपला भातच बरा.

माझं म्हणणं एवढंच आहे की लो-कार्ब खाणं मुळात महाग नाही. ते महाग दिसतं, कारण त्यावर वरच्या जातवर्गाच्या सोवळ्या स्वयंपाकघराचा शिक्का आहे. त्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही, सुकट चालत नाही, कलेजी चालत नाही. भात-पोळी काढली की ताट भरायला उरतं ते पनीर आणि सुकामेवा. मग तेच 'शास्त्रीय' लो-कार्ब म्हणून साऱ्या देशाला शिकवलं जातं.

हिशेब करू. दर शहराप्रमाणे, हंगामाप्रमाणे बदलतात. मी ढोबळ दर धरतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि कर्बोदकं एक ग्रॅमही नाहीत. अंडं ७ रुपयांना धरलं तर १० रुपयांत साधारण साडेआठ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पनीर ४०० रुपये किलो धरलं तर त्याच १० रुपयांत साडेचार ग्रॅम. बदाम ९०० रुपये किलो धरले तर सव्वादोन-अडीच ग्रॅम. शेंगदाणे १५० रुपये किलोचे घेतले तर १६-१७ ग्रॅम. त्याच दराने सोयाबीनच्या वड्या घेतल्या तर ३० ग्रॅमच्याही वर. म्हणजे ज्या बदामाच्या पिठावर 'सुपरफूड' लिहिलेलं आहे, ते आपल्या शेंगदाण्याच्या कुटापुढे पैशाच्या हिशेबात कुठेच टिकत नाही. सुक्या बोंबलात तर निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात आणि कर्बोदकं जवळपास नसतातच. कोंबडीची कलेजी मांसापेक्षा स्वस्त मिळते आणि लोहाने भरलेली असते.

कुणी म्हणेल, शेंगदाणे आणि सोयाबीन तर शाकाहारीच आहेत, मग सोवळ्याचा दोष कसला? खरं आहे, स्वस्त शाकाहारी पर्याय आहेतच. पण ते गरिबाचं अन्न म्हणून ओळखले जातात, म्हणून 'हेल्थ'च्या कपाटात त्यांना जागा नाही. ते खालच्या फळीवर, गोणीशेजारी असतात. अंड्याची वेगळीच तऱ्हा. आपल्या शहरांतल्या कितीतरी मोठ्या दुकानांत पीठ, साबण, चपला, चादरी सगळं मिळतं, फक्त अंडं मिळत नाही. जिथे मिळतं तिथे कोपऱ्यात. सुकट तर आत येऊच शकत नाही, तिचा 'वास' येतो. वासालाही या देशात जात असते, हे भाड्याने घर शोधताना आपण सगळेच शिकलेलो आहोत.

आता सरकारकडे बघू. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही मोफत. या धान्याची मी थट्टा करणार नाही; भूक काय असते हे आपल्या आधीच्या पिढीने १९७२ च्या दुष्काळात मिलोची लाल भाकरी खाऊन पाहिलं आहे. पण ५ किलो म्हणजे काय? तांदूळ आणि गहू. डाळ, तेल, अंडी बाजारभावाने विकत घ्यायची. ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत तो फुकट मिळतं त्यानेच पोट भरणार. मग त्याला साखर झाली की "तुम्ही भात फार खाता" म्हणून त्यालाच ऐकवायचं. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात काय होतं? रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ. चार जिनसांत एक डाळ, बाकी पुन्हा पीठ, साखर आणि तेल.

राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा तृणधान्यांतून येऊ नये. २०२५ मध्ये आलेल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत भारतीय माणसाची सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असं दिसलं. सरकारचीच एक संस्था धान्य कमी खा म्हणते आणि सरकारचंच रेशन दुकान धान्याशिवाय फारसं काही देत नाही. ही विसंगती गरिबाने आपल्या रक्तातल्या साखरेने सोसायची.

शाळेतही तेच. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय झाला. एक अंडं, आठवड्यातून एकदा! त्यालाही विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी काढून घेण्यात आला आणि शाळांना लोकवर्गणीतून सोय करायला सांगितलं गेलं. आपल्या वस्तीतल्या शाळेने लोकवर्गणी कुणाकडून जमा करायची? तमिळनाडूत शाळकरी मुलांना आठवड्यातले पाच दिवस अंडं मिळतं, रेशनवर स्वस्त तूरडाळ आणि तेल मिळतं. म्हणजे पैसा आणि यंत्रणा ही सबब खोटी आहे. प्रश्न कुणाच्या ताटाला आदर्श मानायचं, हा आहे.

आणि कायदा? महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यापासून होतीच. मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. गरिबाच्या पोटातलं एक स्वस्त, प्रथिनांनी भरलेलं अन्न कायद्याने गुन्हा ठरलं. म्हशीच्या मांसावर बंदी नाही, पण ते घेऊन बसमध्ये चढायची छाती आज किती जणांना आहे? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांचं खाणं लिहून ठेवलं. वजडी, रक्ती, चान्या हे शब्द त्यामुळे छापील मराठीत सन्मानाने उभे राहिले. आपल्यातल्या किती शिकलेल्या घरांत हे शब्द आज मोठ्याने उच्चारले जातात?

इथे मला आपल्याच लोकांशी भांडायचं आहे. समाजशास्त्राच्या वर्गात आपण एम. एन. श्रीनिवासांचं 'संस्कृतीकरण' पाठ करतो: खालची जात वरच्या जातीचं खाणं, विधी, राहणी उचलते आणि वर चढल्याचं समाधान मानते. परीक्षेत आपण त्यावर पानं भरतो आणि घरी आल्यावर सुकट भाजताना खिडक्या लावून घेतो. फ्लॅट मिळाला की पहिल्यांदा बोंबील हद्दपार होतो. 'आम्ही आता शुद्ध शाकाहारी झालो' हे वाक्य आपल्याच काही घरांत पदवीसारखं मिरवलं जातं. तत्त्व म्हणून किंवा आवड म्हणून कुणी मांसाहार सोडला तर त्याला माझी हरकत नाही. लाज वाटून सोडला तर मात्र हरकत आहे, कारण ती लाज आपली नाही, आपल्यावर लादलेली आहे.

याला बुद्धाचा आधार देणारेही भेटतात. त्यांनी विनयपिटक उघडून पाहावं. भिक्खूंना मांस पूर्ण वर्ज्य करा, ही मागणी देवदत्ताने केली होती आणि भगवंतांनी ती नाकारली होती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ सांगताना हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत फरक केला आहे. महाडला १९२७ मध्ये त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. ती गुलामीची खूण होती, म्हणून. अंडं-मासळी सोडून सोवळं नेसा, असं त्यांनी सांगितलेलं नाही. मृत मांसाचा त्याग हा स्वाभिमान होता. भीतीने आणि लाजेने पाळलेला शाकाहार हा स्वाभिमान नव्हे.

दुसरीकडे चळवळीतले काही तरुण म्हणतात, "डाएट वगैरे सोडा, आपले प्रश्न वेगळे आहेत." कोणते वेगळे? पन्नाशीच्या आत पाय कापावा लागलेला, डायलिसिसवर गेलेला कार्यकर्ता मोर्चात कसा येणार? औषधांचं बिल भरताना मुलीची फी थांबते, तो शिक्षणाचाच प्रश्न असतो.

म्हणून सुपरमार्केटमध्ये जायचं तर डोळे उघडे ठेवून जाऊ. ऑफरमध्ये डाळ किंवा तेल स्वस्त असेल तर जरूर घ्या. दुकानाशी आपलं वैर नाही. पण पाकिटाच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते, खरी माहिती मागे असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. 'डायबेटिक' बिस्किटाच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं किंवा गव्हाच्या पिठाचं असेल तर पाकीट परत ठेवा. 'शुगर फ्री' म्हणजे कर्बोदकं नाहीत असं नव्हे. १०० ग्रॅममागे एकूण कर्बोदकं किती, हा आकडा वाचा. गूळ आणि मध ही साखरच आहे. ज्वारी-बाजरीला तंतू आहेत, गुण आहेत, पण त्या लो-कार्ब नाहीत. त्यांच्यातही शंभरात सत्तरच्या आसपास कर्बोदकंच असतात. तीन भाकरींची एक केली तरच उपयोग. आणि जी ज्वारी कष्टकऱ्याची होती, ती आता गव्हापेक्षा महाग झाली आहे, हेही लक्षात असू द्या.

बाकीची खरेदी बाहेर करा. अंडी ट्रेने घ्या, दोन-तीन घरांनी मिळून. शेंगदाणे, जवस, कारळे, तीळ किराण्यातून सुटे घ्या. कोबी, दुधी, वांगी, मेथी, तांदुळजा संध्याकाळी बाजार उठताना घ्या. सुकट, जवळा, बोंबील आठवडी बाजारातून आणा; रक्तदाब असेल तर पाण्यात भिजवून मीठ काढा. भाकरीच्या ताटात भाजी तोंडी लावायला असते, ते उलटं करा: ताटभर भाजी-कालवण आणि तोंडी लावायला भाकरी. एक सावधगिरी मात्र हवी. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी भात-भाकरी एकदम तोडू नये, साखर अचानक खाली जाऊन जीवावर बेततं. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पण शहाणपणाने खरेदी करून हा प्रश्न सुटणार नाही. शहाणपणा गरिबानेच किती दाखवायचा? आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. रेशनवर धान्यासोबत डाळ आणि तेल कायम मिळालं पाहिजे. शाळेत आणि अंगणवाडीत अंडं सरकारी पैशातून मिळालं पाहिजे. ज्याला नको त्याला फळ द्या, पण एकाच्या सोवळ्यासाठी दुसऱ्याच्या मुलाचं अंडं काढू नका. आरोग्य केंद्रातल्या आहारतक्त्यात अंडं, सुकी मासळी, कलेजी, सोयाबीन ही नावं छापली पाहिजेत. आणि विहारात वर्षातून चार व्याख्यानं होतात, त्यातलं एक साखर तपासणीला द्या.

हिरवा ठिपका शाकाहाराची खूण आहे, आरोग्याची नाही. हा फरक आधी आपल्या घरात सांगू, मग ग्रामसभेत आणि महापालिकेत सांगू. आणि सुकट भाजताना खिडकी उघडी ठेवू.

जय भीम!