प्रिंटरचं ‘ऊटा आतेन?’

गेल्या सत्रातली गोष्ट. अंतर्गत परीक्षेचा पहिला दिवस, सकाळचे साडेआठ, आणि कार्यालयातल्या प्रिंटरचा टोनर संपलेला. वरच्या मजल्यावरच्या प्रिंटरमध्ये कागद अडकलेला. शिपाईमामा जिने चढून-उतरून दमले. पेपर उशिरा सुरू झाला. दुपारी प्राचार्यांनी मला विचारलं, ‘‘सर, कॉलेजातले सगळे प्रिंटर एका जागी बसून बघता येणार नाहीत का?’’

येतात की! पण कोणत्या भाषेत विचारायचं, ते आधी ठरवावं लागतं.

आमच्या सासूबाई कन्नड. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘ऊटा आतेन?’ जेवण झालं का? त्या एका उत्तरावरून त्यांना घरचा सगळा रागरंग कळतो. प्रिंटरची अशी खुशाली विचारणारी भाषा म्हणजे एसएनएमपी. टोनर किती उरला, कागद आहे का, आजवर किती पानं छापली, हे कसं सांगायचं याचा समान नमुना १९९५ साली ठरला, २००४ मध्ये सुधारला गेला. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रिंटर एकाच संगणकावरून तपासता येतात. अडचण आली की प्रिंटर आपणहूनही निरोप धाडतो. त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. पण त्याची पोच मिळत नाही, निरोप वाटेत हरवू शकतो. म्हणून निरोपाची सोय ठेवावी आणि दर काही मिनिटांनी आपणही विचारावं.

खरी निवड पुढेच आहे. एसएनएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडाच जातो, आणि बऱ्याच प्रिंटरवर तो कारखान्यातूनच ‘पब्लिक’ असा येतो. म्हणजे दाराला कुलूप आहे, पण किल्ली उंबऱ्यावरच! बदल करण्याची मुभा देणारा शब्दही तसाच सोपा राहिला, तर कुणीही सेटिंग बदलू शकतो. २००२ मध्ये प्रमाण झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटवणं आणि मजकूर सांकेतिक करणं, दोन्ही आहे.

छापण्याच्या वाटेचंही तसंच. ९१०० क्रमांकाचं पोर्ट सोपं आणि जलद. पण ‘कोण तू?’ असं ते विचारतच नाही. २०१८ मध्ये एकाने इंटरनेटवर उघड्या पडलेल्या सुमारे ५० हजार प्रिंटरवर याच वाटेनं आपला मजकूर छापल्याचा दावा केला होता. आयपीपी ही वाट मात्र ओळख विचारू शकते, आणि सुरक्षित जोडणी असेल तर पानं सांकेतिक होऊन जातात. प्रश्नपत्रिका असेल तर याहून महत्त्वाचं काय?

आम्ही शेवटी असं ठरवलं : नव्या प्रिंटरना तिसरी आवृत्ती आणि सुरक्षित आयपीपी. जुन्यांना ती भाषा येत नाही. त्यांचा परवलीचा शब्द बदलला, फक्त वाचण्याची परवानगी ठेवली आणि त्यांना वेगळ्या नेटवर्कमध्ये बसवलं. त्यांच्याशी कार्यालयातला एकच संगणक बोलतो. प्रश्नपत्रिका त्यांच्यावर छापायच्या नाहीत.

परवा पुन्हा परीक्षा होती. टोनर संपत आल्याचं आदल्या दिवशीच कळलं. शिपाईमामांनी दुपारीच नवा आणून बसवला आणि मला म्हणाले, ‘‘सर, यंदा जिना वाचला!’’

तुमच्याही दुकानात, दवाखान्यात नेटवर्कवरचा प्रिंटर असेल. आज त्याला एकदा ‘ऊटा आतेन?’ विचारा, आणि तो ‘पब्लिक’ शब्द तेवढा बदलून टाका.