आधी पाऊल, मग फुलपाखरू

शाळा उघडण्याच्या तोंडावर आपल्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'वाढतं अंग आहे, एक नंबर मोठाच द्या.' आणि आपण देतो. यंदा देऊ नका, एवढेच आग्रहाने सांगायचे आहे. विशेषतः लहान मुलींच्या कॅनव्हास स्नीकर्सबाबत. तिथे कापडावरचे फुलपाखरू पाहून सौदा ठरतो आणि पावलाकडे पाहायचे राहून जाते.

हिशेब साधा आहे. इंग्लिश मापात एका नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर. सर्वांत लांब बोटापुढे 10 ते 12 मिलिमीटर मोकळीक हवी. वाढीची सोय त्यातच आली. त्यावर आणखी एक नंबर चढवला की ही जागा 20 मिलिमीटरच्या घरात जाते. मग पाऊल पुढे घसरते, टाच सुटते, बूट निसटू नये म्हणून मूल बोटे आखडून चालते. बूट वाकतो एकीकडे, पाऊल वाकते दुसरीकडे. पळताना मुलगी अडखळते ती यामुळेच.

टोक अंगठ्याने दाबून पाहण्याची आपली सवय इथे फसवते. पुढे रबराची टोपी असते, तिच्याखालचे बोट हाताला लागत नाही. शिवाय दाबले की मूल बोट आत ओढून घेते. त्यापेक्षा मुलीला मोजे घालून उभे करा, दोन्ही पावले मापा, मोठ्या पावलाच्या लांबीहून एक सेंटिमीटर जास्त अशी पुठ्ठ्याची पट्टी कापून बुटात सरकवा. पट्टी दुमडली तर तो नंबर लहान. शक्यतो संध्याकाळी मापा, दिवसभरात पाऊल थोडे फुगते.

रुंदीबाबत तर आपण फारच बेफिकीर आहोत. कॅनव्हास चामड्यासारखा पायाच्या आकाराने सैलावत नाही, आणि सोलभोवतीची रबरी पट्टी करंगळीला काचत असेल तर ती काचतच राहते. 'वापरून सैल होईल' हे आश्वासन देऊ नये. मुलींसाठी म्हणून येणारी कित्येक मॉडेल्स चवड्याशी विनाकारण निमुळती असतात. ती परत पाठवायला कचरू नका. भरतकाम असेल तर आतून हात फिरवा, उलट बाजूच्या गाठी नाजूक कातडीला घासतात. लेस किंवा वेल्क्रो असू द्या, नुसते पायात सरकवायचे बूट टाच धरून ठेवत नाहीत.

गोंडसपणाला आमचा विरोध नाही. आवडलेला बूट मुलगी हौसेने घालते, त्यात धावते, आणि आपल्याला तेच हवे आहे. म्हणून आधी नीट बसणारे दोन-तीन जोड काढा आणि मग रंग, चित्र, चमक तिलाच निवडू द्या.

त्यासाठी माल मात्र तसा हवा. जूनची ऑर्डर देताना त्याच मॉडेलचे अर्धे नंबर आणि रुंद चवडा मागा. एकट्या दुकानाची मागणी कारखान्यापर्यंत पोहोचत नसेल, तर गावातल्या चार-पाच दुकानदारांनी मिळून ती नोंदवावी.