‘घूमजाव’ म्हणजे नेमकं काय? कर्जमाफीवर बोलण्याआधी शब्द समजून घ्या

अमरावती-अकोल्यात पारावर कर्जमाफीची गोष्ट निघाली की एक जण म्हणतेच, “सरकारनं घूमजाव केलं बावा!” पण हा शब्द कुठं लागतो अन् कुठं नाही?

घूमजाव हिंदीतल्या ‘घूम जाओ’वरून आला. आधी एक बोलायचं, मग बरोबर त्याच्या उलट. बाजू बदलणं वेगळं. अचलपूरचे बच्चू कडू उद्धव ठाकरेंच्या सरकारात राज्यमंत्री होते, जून २०२२ मध्ये ते शिंदेंसोबत गेले. ती बाजू बदलली, पण कर्जमाफीची मागणी त्यांनी सोडली नाही. तिसरा शब्द तळ्यात-मळ्यात, म्हणजे हो नाही अन् नाहीही नाही.

आता कर्जमाफी पहा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने कर्जमाफीचे आश्वासन दिले. मार्च २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले, ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा. हे ऐकून ‘घूमजाव’ म्हणणाऱ्याचं चुकलं नाही. पुढं सरकारचं उत्तर आलं, “योग्य वेळी करू.” हे मात्र तळ्यात-मळ्यात. जूनमध्ये गुरुकुंज मोझरीत कडूंचे उपोषण झाले, ऑक्टोबरमध्ये नागपुरात ट्रॅक्टर मोर्चा. त्यानंतर मुख्यमंत्री फडणवीस यांनी ३० जून २०२६ पूर्वी निर्णय घेऊ, असे सांगितले.

या तारखेचं मोल मोठं आहे. तारीख नसली की शब्द फिरवला हे सिद्धच करता येत नाही. ‘योग्य वेळ’ कधी येईल, कोण सांगणार?

मधल्या काळाचा भुर्दंड मात्र शेतकऱ्यावर. माफीच्या आशेनं हप्ता थांबवला तर खातं थकीत होते. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तरच डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा फायदा मिळते. मुदत हुकली की सवलत गेली, नवीन कर्जालाही अडचण. नेत्याचा शब्द फिरते, ब्यांकेचं व्याज फिरत नाही.

म्हणून पुढाऱ्याचं आश्वासन ऐकलं की तीन गोष्टी इचारा: किती रकमेपर्यंत, कोणाला, कोणत्या तारखेपर्यंत? उत्तराचा व्हिडिओ मोबाईलमधून पुसू नका. उद्या ‘घूमजाव’ म्हणायची पाळी आली तर पुरावा आपल्याच खिशात पाहिजे.